हुडाक शेवटी निघतात

पिट्सबर्ग,
६ सप्टेंबर १९९३

ती. वेरोनाआत्यास,
मिलाचा सा. न. आणि तुला आवडत नाही तरी एक पापी.

वि. वि. पत्र कामाचं आहे, पण आधी तुझा गुडघा. डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की तो शेजारच्या बाल्कोकाकांच्या टोमॅटोच्या झाडाला बांधून मोकळी झालीस? खरं लिही. मला सगळं कळतं.

आता काम. मी युनिव्हर्सिटीत काय करते असं कुणी विचारलं की तू म्हणे सांगतेस, लोकांना घाबरवायला शिकवते! अगं, बरोबर उलटं आहे. धोका कसा सांगितला म्हणजे माणसाला कळतो, आणि कळल्यावर माणूस काय ठरवतो, याचा मी अभ्यास करते. एप्रिलमध्ये माझ्यावर समिती बसणार. एक तर नोकरीत कायम करतील, नाहीतर गाशा गुंडाळ म्हणतील. सगळी भिस्त या एका अभ्यासावर आहे.

आपल्या एल्डर फोर्कच्या डोक्यावरचं ते मातीचं धरण म्हातारं झालं, म्हणून काउंटीने भोंगा बसवला ना, तो वाजला की काय करायचं याचं पत्रक मी लिहिलंय. सगळं टाकून लगेच शाळेच्या टेकडीवर जा, एवढंच. खोऱ्यातल्या तीन गावांत ते लोकांकडून वाचून घ्यायचंय, आणि तिसरं गाव आपलं. आमचे विभागप्रमुख ऑस्टलंड सर कुरकुरले, म्हणाले की घरच्या माणसांवर कसला अभ्यास. म्हणून मी येत नाही, माझे दोन विद्यार्थी येतील. ते कागद हातात देतील. तो मोठ्याने वाचायचा आणि वाचताना मनात येईल ते बोलायचं. दाढ दुखतेय असं आलं तर तेही. पोरं चूक दाखवणार नाहीत, मानही हलवणार नाहीत, तसा नियमच आहे. आत्या, ही परीक्षा नाही. यात बरोबर-चूक काही नसतं. एवढं सगळ्यांना नीट सांग.

लोभ आहेच, तो गुडघ्यासकट सांभाळ.
तुझी,
मिला

*

एल्डर फोर्क,
२१ ऑक्टोबर १९९३

चि. मिलास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा, पट्ट्याची चौकशी केल्याबद्दल.

तुझी दोन पोरं येऊन गेली. गुणी आहेत, पण बाई गं, चेहरा म्हणजे नुसती भिंत! हसत नाहीत, हं म्हणत नाहीत, बघत बसतात. आग्नेसला वाटलं बिचारी बहिरी आहेत, म्हणून ती सगळं पत्रक ओरडून वाचत बसली. स्वतः ठार बहिरी, कानातलं यंत्र डब्यात ठेवते, आणि दुसऱ्याची दया करते. तो मुलगा मात्र जेवायला बसल्यावर माणसात आला. बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी ताट भरून वाढल्या, वर परतलेला कांदा. म्हणाला, घरी असं मिळत नाही. मी म्हटलं, तुझ्या मॅडमनाही येत नाही करायला.

तू काळजी करू नकोस. एकानेही तुझं नाव खाली जाऊ दिलेलं नाही. मंगळवारी चर्चच्या तळघरात पिरोगी वळायला आम्ही सगळ्या जमतो, तिथे मी जरा लक्ष घातलं होतं. त्यापलीकडे विचारू नकोस. आणि बरोबर-चूक काही नसतं हे मला नको सांगूस. तिसरीतल्या भूगोलाच्या बाईही तुला असंच म्हणायच्या, आणि मग वही लाल करून पाठवायच्या.

तुझ्या आजोबांची तसबीर चर्चच्या दाराशी तिरकी झाली होती, ती बाल्कोकडून सरळ करून घेतली. फादरनी परवा प्रवचनात पुन्हा सांगितलं, छत्तीसच्या पुरात घराघरांतून सगळ्यांना बाहेर काढलं, टेकडीवर पोचवलं, आणि मग छातीएवढ्या पाण्यातून माझे बाबा निघाले. हुडाक शेवटी निघतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तुझ्या पत्रकातलं ते 'लगेच निघा' गावासाठी छान आहे हो.

वेळेवर जेव. कॉफी म्हणजे जेवण नव्हे.
तुझी,
आत्या

*

पिट्सबर्ग,
१२ डिसेंबर १९९३

ती. आत्यास,
सा. न., आणि आज तर साष्टांग!

अगं, काय सांगू! बाकीच्या दोन गावांत माझ्या पत्रकाची पार दैना झाली. निम्म्या लोकांना वाटलं, भोंगा वाजला की तळघरात जायचं, वादळात जातात तसं. पूर येतोय आणि तळघरात! आणि एल्डर फोर्क? एकूण एक माणूस बरोबर! सगळं टाकायचं, टेकडी गाठायची, गाडी नसेल तर शेजाऱ्याच्या गाडीत बसायचं. बाल्कोकाकासुद्धा! ज्या माणसाने औषधाच्या बाटलीवरचा कागद कधी वाचला नाही, त्याने माझं पत्रक थेट घडाघडा सांगितलं. ऑस्टलंड सर म्हणाले, वीस वर्षांत असं गाव पाहिलं नाही. मी त्यांना म्हटलं, आमच्या गावचं पाणीच तसं आहे.

लेख लिहून पाठवून दिलाय. आता समिती आणि मी. देव पाण्यात घालून बसले आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी येते. आळंब्यांचं आंबट सार कर, आणि माझ्या वाटणीचं बाल्कोकाकांना देऊ नकोस.

असाच लोभ असू दे, सारातही दिसू दे.
मिला

*

एल्डर फोर्क,
२६ फेब्रुवारी १९९४

चि. मिलास,
अनेक आशीर्वाद. धपाटा आज माफ, हात दुखतोय.

ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झाले, त्यामुळे चर्चच्या तळघरात नुसती लगबग. अर्धी काउंटी आमच्या पिरोगी न्यायला येते. छप्पर दुरुस्त करायचंय, ते याच्यातूनच होणार. आग्नेसने परवा कणकेत मीठ दोनदा घातलं आणि ऐकू आलं नाही म्हणाली. मिठाचा आणि कानाचा काय संबंध, ते तिलाच ठाऊक.

हो, गंमत सांगायची राहिली. काल ऐन दुपारी तो भोंगा वाजला! चांगला बराच वेळ केकाटत होता. तिन्ही चुलींवर पातेली उकळत होती, पिरोगी नुकत्या वर तरंगायला लागल्या होत्या. तेव्हा सोडल्या असत्या तर लापशी झाली असती. मी म्हटलं, आधी या बाहेर काढा, मग बघू. झारा माझ्याच हातात होता. काढून होईतो भोंगा बंद. नंतर काउंटीचा माणूस आला, बर्फाने कसलीशी कळ अडकली होती म्हणाला. त्यालाही डझनभर बांधून दिल्या.

थंडी फार आहे, डोकं झाकून हिंड.
तुझी,
आत्या

*

पिट्सबर्ग,
१ मार्च १९९४

ती. आत्यास, सा. न.

गंमत? आत्या, गंमत?

तो भोंगा खोटा आहे हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं. तुम्ही सगळ्या तळघरात होता. तळघरात! धरण खरंच फुटलं असतं तर आज मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं? मला इथे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

आणि ऑक्टोबरात तर प्रत्येकाने सांगितलं होतं, सगळं टाकून निघू. मी तेच लेखात लिहून बसले आहे की या गावाला पत्रक कळलं. मग गाव हललं का नाही? माझी शपथ आहे, काही लपवू नकोस. मंगळवारी 'जरा लक्ष घातलं' म्हणजे तू नेमकं काय केलं होतंस?

रागावले आहे, पण तुझीच,
मिला

*

एल्डर फोर्क,
५ मार्च १९९४

चि. मिलास,
आशीर्वाद. आवाज खाली.

त्यात लपवण्यासारखं काय आहे? तुझं पत्रक पोरांच्या आधीच काउंटीकडून चर्चमध्ये आलं होतं. मी दोन मंगळवार सगळ्यांकडून ते पाठ करून घेतलं. पिरोगी वळता वळता मी विचारायची, त्या उत्तर द्यायच्या. आग्नेसला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. बाल्को तर दगड! तीनदा घोकून घेतलं तरी टेकडीच्या जागी तळघरच म्हणायचा. शेवटी मी सांगितलं, चुकलास तर ईस्टरला माझ्याकडचा खसखशीचा रोल मिळणार नाही. मग कसा पोपटासारखा बोलायला लागला.

अगं, तुझी आई गेल्यापासून तुझ्या प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझी उजळणी कुणी घेतली? मी. आता तुझ्या नोकरीची परीक्षा, आणि पेपर सोडवणार आमचा बाल्को! त्याच्या तोंडून तुझं नाक कापलं जाताना मी बघत बसू? एवढे बरोबर मार्क मिळवून दिले, आणि तू माझ्यावरच डोळे वटारतेस.

रोल पाठवते आहे. खा, म्हणजे राग जाईल.
आत्या

*

पिट्सबर्ग,
१५ मार्च १९९४

ती. आत्यास,
सा. न. रोल पोचला, संपला.

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग रडले, मग ऑस्टलंड सरांच्या खोलीत गेले. सगळं मुसळ केरात, आत्या. एल्डर फोर्कचा भाग मी लेखातून काढून घेतला. समितीलाही स्वतःच कळवलं. सर म्हणाले, काढलं नसतंस तरी कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, मला कळलं आहे ना. नोकरी राहील असं आता वाटत नाही. तुझा राग मात्र नाही गं. माझ्यासाठी आख्ख्या गावाला कामाला लावणारं माणूस दुसरं कुठे मिळणार मला?

परवा रविवारी येऊन मी घरोघर हिंडले, ते तू पाहिलंसच. कॉफी पिऊन पिऊन पोटाचं पिंप झालं. मी प्रत्येकाला एकच विचारत होते, त्या शुक्रवारी भोंगा वाजल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय केलंत. पत्रक सगळ्यांना अजून पाठ आहे. पण एकानेही गाडीची किल्ली घेतली नाही. तळघरातल्या बायका म्हणाल्या, आम्ही वेरोनाकडे पाहिलं, ती झारा घेऊन उभी, म्हणून आम्हीही उभ्या. घरातले म्हणाले, खिडकीतून पाहिलं, वेरोनाची निळी गाडी चर्चपाशीच, म्हणजे काही नसेल. बाल्कोकाका म्हणाले, तुझी आत्या निघेल तेव्हा मी निघेन, त्याआधी निघालो तर ती जन्मभर ऐकवेल.

जेवताना हे तुझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून इथून लिहिते आहे. तू हललीस तर गाव हलेल. भोंगा वाजला की सगळ्यांत आधी तू निघायचंस. आजोबांचं मला ठाऊक आहे, तसबिरीचंही. तरीही सांगते. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, आत्या दुसरी मिळत नाही.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
मिला

*

एल्डर फोर्क,
१९ मार्च १९९४

चि. मिलास, आशीर्वाद.

ज्या माणसाने आख्खं गाव वाचवलं, त्याच्या मुलीने शेपूट घालून सगळ्यांच्या आधी पळायचं? आणि ते सांगणार कोण, तर त्याचीच नात! फार शिकलीस हो. लोकांना मी काय तोंड दाखवू?

यापुढे हा विषय नको. गुडघा बरा आहे.
वेरोना हुडाक

*

एल्डर फोर्क,
३० मार्च १९९४

चि. मिला,
बाल्कोकाकाचे आशीर्वाद. मी पत्र लिहितोय म्हणजे कुणीतरी गेलं असं समजू नकोस. सगळे जिवंत आहेत, हे पहिल्या ओळीत सांगतो. फोन बंद आहेत, पूल वाहून गेलाय, अग्निशामक दलाचा माणूस हे पत्र पलीकडे टाकेल.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये, हातात झावळ्या, बाहेर तीन दिवसांचा पाऊस आणि वितळणारं बर्फ. फादरचं वाचन चाललेलं, आणि भोंगा. खरं सांगतो पोरी, तुझं पत्रक मला अजून झोपेतही येतं, पण पाय म्हणशील तर खिळा ठोकल्यासारखे. आणि मग तुझी आत्या उठली. ओरडली, चला! असा आवाज मी तिचा फक्त माझ्या बकऱ्या तिच्या कोबीत शिरतात तेव्हाच ऐकलाय. दारातून सगळ्यांच्या आधी ती बाहेर. त्या गारठ्यात कोट अंगात घालायचं भान नाही, नुसता गुंडाळी करून छातीशी धरलेला. गाडीत बसली, हॉर्नवर हात ठेवला तो टेकडीपर्यंत काढला नाही. मग काय, सगळं गाव तिच्या मागे. आग्नेसला भोंगा ऐकू आलाच नव्हता. वेरोना उठली म्हणून तीही उठली, टेकडीवर पोचल्यावर विचारते, मिस्सा संपली का?

धरणाची एक बाजू गेली. चर्चच्या तळघरात छतापर्यंत पाणी, वर बाकांपर्यंत चिखल. पिरोगीचं मोठं पातेलं माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात सापडलं. सगळ्यांत शेवटी टेकडीवर मी पोचलो, माझी गाडी चालू होईना म्हणून. पण हे कुणाला सांगू नकोस. मी बकऱ्या सोडवत होतो असं सांगितलंय.

एकच वाईट झालं. तुझ्या आजोबांची तसबीर वाहून गेली. दाराशी नुसता खिळा राहिलाय. वेरोनाला विचारायची कुणाची छाती नाही. ती कुणाशी धड बोलत नाही, नुसता चिखल काढत असते. तूच काय ते बघ.

कळावे, नव्हे, कळव.
बाल्को

*

पिट्सबर्ग,
२२ एप्रिल १९९४

ती. आत्यास,
सा. न. आणि ही घे बातमी: मी कायम झाले!

अगदी काठावर, एका मताने. लेख मी नव्याने लिहिला. पत्रक तोंडपाठ असलेलं गाव भोंगा वाजल्यावर का हललं नाही, ते कुणाकडे बघत होतं, असा. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, स्वतःचीच फजिती लिहून का आणलीत? मी म्हटलं, माझ्याजवळ खरी तेवढीच होती. त्या हसल्या. त्यांचं मत नक्की मला पडलं असणार. झावळ्यांच्या रविवारचा मात्र मी एक शब्द काढला नाही. तो काही अभ्यास नव्हता, ती माझी आत्या होती.

पण माझी आत्या मला पत्र लिहीत नाही. ईस्टरला आले तर तू मला नुसता पोछा दिलास. गाडीत बसायला गेले तर म्हणालीस, किल्ली हरवलीय. तसबिरीपायी सगळं गाव कुजबुजतंय. मी तुला पळायला लावलं याचा राग असेल तर तसं लिही. शिव्या घाल. पण लिही.

वाट बघते.
तुझीच,
मिला

*

एल्डर फोर्क,
२८ एप्रिल १९९४

चि. मिलास,
आत्याचे अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद आणि साठलेले सगळे धपाटे. एका मताने काय आणि दहा मतांनी काय, पास तो पास. बातमी फादरनी मिस्सेत सांगितली. आग्नेसला चार वेळा सांगावी लागली, पण चारही वेळा ती तेवढीच रडली.

राग नव्हता गं. लाज वाटत होती. तुला तोंड दाखवायची नव्हे, बाबांना.

भोंगा वाजला तेव्हा मी ठरवलं होतं, बसून राहायचं. सगळे निघाले की मग उठायचं. मी तिसऱ्या बाकावर. सवयीने मागे वळून पाहिलं, निघतायत का बघायला. आणि मिला, सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. फादरसुद्धा. हातात झावळ्या घेऊन नुसते बघत होते, आग्नेसची सून कडेवर बाळ घेऊन माझ्याकडेच बघत होती. बाबा शेवटी निघाले, कारण ते बाकीच्यांना पुढे काढत होते. मी मागे थांबले असते तर आख्खं गाव माझ्यासोबत बसून राहिलं असतं. मग उठले. गुडघा काय दुखला, विचारू नकोस.

तसबीर वाहूनबिहून गेलेली नाही. दारातून जाताना काढली आणि कोटात गुंडाळली. बाबांना मागे ठेवून मी पहिली कशी निघणार होते? गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, आणि म्हटलं, बाबा, आज आपण सगळ्यांच्या आधी. टेकडीवर गाडी वळवून खाली पाहिलं तर गाड्यांच्या दिव्यांची रांगच्या रांग माझ्यामागून चढत होती. बाबांना काचेशी धरून मी ती दाखवली. मग मात्र हमसून हमसून रडले. कुणाला सांगितलंस तर याद राख.

बाल्को हल्ली गावभर सांगत सुटलाय की बाल्को शेवटी निघतात. बकऱ्या वाचवल्या म्हणे! बकऱ्या आदल्या दिवसापासून टेकडीवरच होत्या.

चर्चला नवा रंग दिला, फादर विचारतात खिळ्यावर काय लावायचं. मी म्हटलं, आमच्या मिलाचं पत्रक लावा. बाबा गाडीतच राहतील. भोंगा पुन्हा वाजला तर ऐन वेळी शोधाशोध नको.

तेव्हा पुढच्या खेपेला येशील तेव्हा मागे बसायचं. पुढची जागा भरलेली आहे.

तुझी,
आत्या